त्याला केस म्हणू नका

कानाच्या आतल्या पेशींना मराठीत पहिल्यांदा ज्याने कुणी ‘केस’ म्हटलं, त्याच्याशी माझं भांडण आहे. तो माणूस कोण, मला माहीत नाही. इंग्रजी शब्दकोश उघडा ठेवून, दुसरं काही सुचलं नाही म्हणून त्याने तो शब्द लिहिला असेल, आणि पुढच्या ओळीवर गेला असेल. त्या एका शब्दापायी आमच्या घरात तिळाच्या तेलाच्या बाटल्या रिकाम्या झाल्या, हे त्याला कधी कळणार नाही.

मी पत्रकं लिहिते. बुलढाण्यात आम्ही थोडी पोरंपोरी मिळून आवाजाविरुद्ध काम करतो. लग्नातले डीजे, मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या साउंडच्या गाड्या, खडी फोडायच्या क्रशरवर कानात बोळाही न घालता उभे केलेले मजूर. पत्रकाची एक शिस्त असते. वाक्य छोटं ठेवायचं, जबाबदार कोण ते पहिल्या ओळीत सांगायचं आणि शेवटी मागणी मांडायची. हे मी पत्रक म्हणूनच लिहायला घेतलं होतं. पण मागणी कुणाकडे करायची, तिथे येऊन अडले. मग ते नुसतं आठवणीसारखं उरलं.

माझी माय जानेफळला पिठाची चक्की चालवायची. वडील शेतात, चक्की माईची. नवा माणूस ‘चक्कीवाले कुठं राहतात’ असं विचारायचा, तर लोक त्याला दुरुस्त करायचे, “चक्कीवाले नाही भाऊ, चक्कीवाली.” घराच्या पुढच्या खोलीत मोटर, पट्टा आणि दगडांची जोडी. मागच्या खोलीत आम्ही. मधे भिंत होती, पण आवाजाला ती कधी दिसली नाही. माझा पाळणा त्याच आवाजात हलला. चक्की बंद झाली की मी रडत उठायचे, असं माय सांगते.

चक्कीवर कुणी हळू बोलत नाही. बायका डोक्यावरचं दयन उतरवतात (दळणाला आमच्याकडे दयन म्हणतात) आणि ओरडून सांगतात, “माय, जाडं ठेवजो, भाकरीचं हाय!” माय ओरडून उत्तर देते. मी अभ्यासातलं ओरडून विचारायचे, ती ओरडून रागवायची. आमच्या घरातलं प्रेमही ओरडूनच व्हायचं. आज सभेत माझा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जातो आणि लोक त्याचं कौतुक करतात. तो आवाज मी कुठे कमावला, ते त्यांना माहीत नाही. आणि याच ओरडण्यात माईचे कान कधी गेले, ते आम्हाला कळलं नाही. ज्या घरात सगळेच ओरडतात, तिथे बहिरं माणूस लपून राहतं.

कळलं ते दगडांमुळे. भरल्या दगडांचा आवाज जड असतो, घशातून आल्यासारखा. वरच्या डब्यातलं धान्य संपत आलं की तो चढत जातो, बारीक होतो, आणि मग दगडावर दगड घासतो. माय अंगणात गहू निवडत, शेजारणीशी बोलत बसलेली असायची आणि तो आवाज जरा चढला की वाक्य अर्धं टाकून उठायची. लहानपणी मला ती जादू वाटायची.

त्या दुपारी मी बुलढाण्याहून घरी आले होते. माय उंबऱ्यात पाठमोरी बसून हरभरा पाखडत होती. दगड रिकामे फिरत होते. मी गल्लीच्या तोंडाशी होते, तिथपर्यंत ती किंकाळी येत होती. जळका वास सुटला होता. मी धावत जाऊन खटका पाडला. माईने मान वळवली ती चक्की थांबली म्हणून नाही, मी अंगावरून गेले म्हणून.

“काय झालं? लाइन गेली का?”

“दगड रिकामे फिरून राह्यले माय! आयकू नाही आलं तुले?”

“माह्यं ध्यान नव्हतं,” ती म्हणाली. आणि हरभरा परत पाखडायला लागली.

त्यानंतर पीठ कचकच लागतं अशी कुरकुर सुरू झाली. घासलेल्या दगडाची कच पिठात उतरते. एक-दोन घरं दुसऱ्या चक्कीवर जायला लागली. माईने सुलतानपूरच्या चाचांना बोलावलं. चक्कीच्या दगडांना टाकी लावणं हा चाचांचा धंदा. टाकी म्हणजे छिन्नी. दगड दळून दळून गुळगुळीत झाला की तो दळत नाही, नुसता तापतो. मग चाचा येतात, वरचा दगड उलटा करतात, मांडी घालून बसतात आणि टकटक करत त्याच्या पुसल्या गेलेल्या खाचा पुन्हा कोरतात. दगड पुन्हा नवा.

त्या दिवशी काम झाल्यावर चाचांनी मला बाजूला घेतलं. “बेटा, पत्थर में कुछ खोट नै. मैं पीछे से कब का पुकार रहा, तेरी माँ सुनतीच नै.”

माईने आमची तोंडं पाहिली. “काय म्हनून राह्यले चाचा?”

“तुह्ये कान तपासा म्हनतात!” मी ओरडले.

“मंग त्यायलेच म्हना, कानालेही टाकी लावून द्या!”

“लगाता ना बाई,” चाचा हसत ओरडले, “पर तुम चिल्लाएंगे बहुत!”

सगळे हसलो. माय सगळ्यात जास्त हसली. पण तिने ते चेष्टेत म्हटलं नव्हतं, हे मला नंतर समजलं.

बुलढाण्यात कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून, कानावर डबे लावून त्यांनी तपासणी केली. आवाज आला की हात वर करायचा होता. माय बराच वेळ हात मांडीवर ठेवून शांत बसली होती, परीक्षा सोपी जात असल्यासारखी. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मावशी, तुमच्या आतल्या पेशी गेल्या आहेत. वर्षानुवर्षांच्या आवाजाने. त्या परत येत नाहीत. कानाला मशीन लावा, आणि लवकर लावा. जितका उशीर कराल, तितकी मेंदूची बोलणं ओळखायची सवय मोडत जाते. आणि चक्कीवर बसताना कानांवर झाकण घाला.”

मी ते सगळं माईच्या कानात ओरडून सांगितलं. माय म्हणाली, “मशीन लावून बसली त चक्कीवर कोन येईन? बहिरीच्या हातचं पीठ म्हनतीन.” हा विषय तिच्यापुरता तिथेच मिटला. माझा मिटला नाही. ती ऐकू शकली तरच चक्की राहणार होती, आणि चक्की राहिली तरच माय माय राहणार होती. ज्या बाईला गाव तिच्या कामावरून ओळखतं, तिचं काम काढून घेतलं तर उरतं काय?

परतीच्या एसटीत तिने मला विचारलं, “दगडाले टाकी लागते. मंग कानाले काऊन नाही?”

मी मोबाइल उघडून वाचत सुटले. माझा स्वभावच तो. कुणी नाही म्हटलं की मी का नाही ते शोधते. तेव्हा जे कळलं ते असं. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यात ओळीने पेशी उभ्या असतात आणि प्रत्येकीच्या डोक्यावर बारीक तुरा असतो, इंग्रजीत त्यालाच ‘हेअर’ म्हणतात. आवाज आला की तुरा हलतो आणि मेंदूला खबर जाते. मोठा आवाज वर्षानुवर्षं आदळत राहिला की तुरे मोडतात, मग पेशी मरतात. माणसाच्या शरीरात त्या पुन्हा होत नाहीत. पण या पेशींच्या शेजारी दुसऱ्या पेशी असतात, त्यांना धरून ठेवणाऱ्या. पक्ष्यांमध्ये ऐकणारी पेशी मेली की ही शेजारीण जागी होते, कधी दोन होते, कधी स्वतःच बदलते, आणि मेलेल्या जागी नवी ऐकणारी पेशी उभी राहते. म्हणून शास्त्रज्ञ तिला जनक पेशी मानतात. मोठ्या आवाजाने बहिरी झालेली कोंबडी काही आठवड्यांत पुन्हा ऐकायला लागते. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लातही हे थोडंफार होतं. मग थांबतं. माणसात ती शेजारीण असते, पण झोपलेली. तिला उठवायची कशी, यावर जगभर काम चालू आहे. कानात औषध सोडून माणसांवर करून पाहिलं गेलं, भरवशाचं काही हाती आलेलं नाही. जन्मतः एका जनुकात दोष असलेल्या काही मुलांना उपचाराने ऐकू आलं, ही बातमी खरी आहे. पण त्या मुलांच्या पेशी जिवंत असतात, फक्त मुक्या असतात. माईच्या मेल्या होत्या.

यातलं मी तिला एसटीत एवढंच सांगू शकले, “कोंबडीले होते, आपल्याले नाही होत!”

“कोंबडीले?” माय म्हणाली. “अन् मी काय तिच्यापेक्षा वाईट अंडे देते का?”

पुढच्या सीटवरचा माणूस वळून पाहायला लागला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा वळला नाही.

आता मामाचा भाग. मामा म्हणजे माईचा धाकटा भाऊ, मेहकरला असतो, आणि मोबाइलवर आलेलं काहीही त्याच्याकडून पुढे गेल्याशिवाय राहत नाही. त्याने माईला एक व्हिडिओ दाखवला. खाली मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं की कानातले केस पुन्हा उगवतात, बहिरेपण आता कायमचं जाणार. पाठीमागे एक चित्र, त्यात केसांसारखं काहीतरी डोलत होतं. शेवटी कुठल्या तरी दवाखान्याचा फोन नंबर. जे अजून कुणाला जमलेलं नाही, ते विकायला बसलेली माणसं! आणि त्यांच्या हातात शब्द कुठला, तर केस. त्यांना तो आयताच मिळाला होता.

बोलणं माईला ऐकू येत नव्हतं, पण अक्षरं वाचता येत होती. आणि चक्कीवालीला केसांचं काय करायचं ते वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्याकडे तान्ह्या लेकराच्याही कानात तेल सोडतात. डोक्याचे केस तेलाने वाढतात, हे तर तिला तिच्या मायने सांगितलं होतं. तिने लसणाची पाकळी तिळाच्या तेलात कढवली, कोमट केली, आणि रोज दुपारी चक्कीच्या बाजूला पोत्यावर आडवी पडून कानात सोडायला लागली. आधी एक कान, मग कूस बदलून दुसरा.

मी बुलढाण्यात पत्रकं वाटत होते. मला काही पत्ता नव्हता. सुटीत घरी आले की मशीनचं काढायचे आणि ती म्हणायची, “थांब. फरक पडून राह्यला.” मला वाटायचं, टाळते आहे. तिच्या पदराला पिठाच्या वासाबरोबर लसणाचा वास यायचा. मला वाटायचं, स्वयंपाकाचा.

एकदा मामा आला होता. मामाच्या दोन्ही कानांतून केसांचे झुपके बाहेर आलेले असतात, आणि तो दाढी करताना ते कापून घेतो. माय त्याला म्हणाली, “कापू नको बे ते. त्याच्यानंच आयकू येते.”

“हाव का आक्का?” मामा म्हणाला. “मंग जंगलातल्या अस्वलाले त कोसावरचं आयकू येत असन!”

आम्ही पोट धरून हसलो. मी पण हसले. ती आम्हाला सांगत होती. अगदी सरळ शब्दांत सांगत होती आणि आम्हाला ती गंमत वाटली.

मग एका कानातून पाणी यायला लागलं. पुन्हा बुलढाणा, पुन्हा त्याच डॉक्टरीणबाई. त्यांनी नळीतून आत पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. पडद्याला जुनं भोक होतं, तिथून तेल आत गेलं होतं. वर बुरशी धरली होती. दुसऱ्या कानातही बुरशी. “काय घातलंत मावशी यात?”

मी ओरडून विचारलं. माय जरा लाजून, पण अभिमानाने म्हणाली, “केसाले तेल.”

डॉक्टरीणबाई हसल्या. वाईट बाई नव्हत्या त्या, हसू आलं एवढंच. मग गंभीर होऊन म्हणाल्या की कान आधी कोरडे व्हायला हवेत, तोवर मशीन बसवता येणार नाही. जे काम लवकर करायचं होतं, ते आणखी लांबलं.

बसस्टँडवर आले आणि माझा ताबा सुटला. “केस नाहीत ते, माय! केस नाहीत! पेशी हायेत त्या! तेलानं नाही येत!” बुलढाण्याचं बसस्टँड गर्दीचं. शेंगदाणेवाला थांबला. कॉलेजच्या पोरी थांबल्या. चौकशीच्या खिडकीतला माणूस वाकून पाहायला लागला. मी सभेत बोलते तशी बोलत होते, शेवटच्या रांगेपर्यंत.

माय माझ्या तोंडाकडे पाहत होती. सगळं ऐकू आलं होतं तिला. हळू आवाजात, चक्कीवर ती कधीच बोलली नाही इतक्या हळू, ती म्हणाली, “मंग केस काऊन म्हनता?”

मी तिला गर्दीतून काढून एसटीत बसवलं.

विचार करा ना. डॉक्टर इंग्रजीत ‘हेअर’ म्हणतात, त्यांना आतला अर्थ माहीत असतो. पाठ्यपुस्तक मराठीत केस म्हणतं, कारण इंग्रजीत तसं आहे. पेपर केस म्हणतो, कारण पुस्तकात तसं आहे. आणि शेवटी तो शब्द जानेफळच्या चक्कीवर येतो. तिथे केस म्हणजे केस. या साखळीत कुणीही माईला फसवलं नाही, त्या फोन नंबरवाल्यांचा धंदा सोडला तर. कुणावर मोर्चा न्यावा? मी आयुष्यात पहिल्यांदा अशा रागात होते की ज्याला धडकायला दार नव्हतं.

कान कोरडे व्हायला पावसाळा उलटला. तेलाची आशा सुटल्यावर माय मशीनला तयार झाली होती, ते बसलं. त्या दिवशी माय घरभर फिरली. भांड्याचा आवाज आला म्हणून तिने भांडं परत आपटून पाहिलं. कोंबड्यांना दाणे टाकताना त्यांच्याकडे जरा रागाने बघितलं. मला वाटलं, झालं, सुटलो.

मग ती पुढच्या खोलीत गेली आणि तिने खटका वर केला. मोटर उठली, पट्टा फिरायला लागला, आणि माईने दोन्ही हातांनी कान दाबले. मशीन सगळंच मोठं करतं. भरला दगड काय आणि रिकामा काय, तिच्या कानात एकच गर्जना. तिने मशीन काढून पोलक्यात ठेवलं, तर काहीच नाही. मशीन लावलं, तर सगळं. तिला हवा होता तो मधला बारीक फरक, आवाज जरा चढल्याचा, तो कुठेच नव्हता. चक्कीबाहेर तर आणखी वाईट. शेजारीण समोर बसून बोलायची, माय मान हलवायची आणि मग मला विचारायची, “काय म्हनली?” एकदा ती म्हणाली, “आवाज येते व पोरी. बोल नाही येत.”

वेळेवर लावलं असतं तर बोल आले असते का? डॉक्टरीणबाई म्हणतात, सांगता येत नाही, थोडे जास्त आले असते. हे ‘थोडे जास्त’ मला छळतं. उद्या शास्त्रज्ञांनी ती झोपलेली शेजारीण खरंच उठवली, तर मी पेढे वाटीन. पण जी पेशी अजून जगात नाही, तिची वाट पाहण्यात माझ्या माईने हातातलं घालवलं, आणि वाट पाहायला तिला कुणी सांगितलं तर एका चुकीच्या शब्दाने.

चक्की बंद झाली. माय स्वतःच म्हणाली. एका घरच्या पिठात पुन्हा कच निघाली आणि त्या बाई काही बोलल्या नाहीत, गुपचूप दुसरीकडे गेल्या. ते न बोलणं माईला बरोबर ऐकू आलं. चाचा दगड न्यायला टेंपो घेऊन आले. त्यांना दुसऱ्या गावात गिऱ्हाईक मिळालं होतं. दगड चढवताना चाचा काहीच चेष्टा करत नव्हते. माईच म्हणाली, “चाचा, यायले टाकी मारून द्याल. नवे होतीन.” चाचांनी मान हलवली आणि टेंपोचं फळकं लावलं. आता आमच्या घरात इतकी शांतता असते की मला झोप लागत नाही, आणि माईला ती शांतता ऐकू येत नाही.

मी मात्र शब्द शोधत राहिले. हट्टच होता तो. परवा रब्बीची काढणी चालू असताना वडिलांबरोबर शेतात गेले होते. गव्हाच्या ओंब्या हातात घेतल्या आणि तिथेच थांबले. ओंबीवर ताठ, बारीक, ओळीने उभी राहिलेली कुसळं. वारा आला की हलणारी. झडली की झडली. कुसळाला कुणी तेल लावत नाही. जगातला एकही शेतकरी, एकही चक्कीवाली कुसळाला तेल लावणार नाही.

मी तशीच घरी आले, घामाने भिजलेली. पत्रकाची पहिली ओळ डोक्यात तयार होती. कानात केस नसतात, कुसळं असतात. माय उंबऱ्यात बसली होती, जिथे ती हरभरा पाखडत होती तिथेच. मी तिच्या मशीनपाशी तोंड नेलं आणि ओरडायचं नाही असं ठरवून, एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, “माय. कुसळं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. चेहरा उजळला. एक अख्खा शब्द तिला पोचला होता.

“कुसय?” ती म्हणाली, आणि घाईने पदर झटकायला लागली. “कुठी लागलं? मले दिसून नाही राह्यलं. पाह्य बरं तू.”

तिने पदर माझ्यापुढे धरला. मी तिच्याजवळ बसले, पदर मांडीवर पसरला आणि कुसळ शोधू लागले.